घरालाही मधली सुट्टी हवी

(वार्षिक ज्ञातिमेळाव्यात लिंबागणेश येथे केलेले भाषण)



बालाघाटच्या डोंगरातील या गणेशक्षेत्री आपला वार्षिक मेळावा भरला आहे आणि त्यात चार शब्द बोलण्याची संधी आपण आम्हांस दिली, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. शिक्षणफंड, वधूवरसूचक यादी, सामुदायिक विवाह या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते बोलतीलच. आम्ही एक लहानसा घरगुती विषय घेऊन उभे आहोत. दिवसभर घरी राहून मुले सांभाळणाऱ्या माणसास रोज थोडा विसावा कसा मिळावा, हा तो विषय होय.

आमची विद्या मॅट्रिकपुरती. शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. घडले तेवढे सांगतो. चौतीस वर्षे आम्ही प्राथमिक शाळेत शिकविले. शाळेस घंटा असते. ठरल्या वेळी मधली सुट्टी होते, मुले डबा खातात, गुरुजीही क्षणभर पाठ टेकतात. शेतात दुपारी औत सुटते, बैलाच्या मानेवरचे जू उतरते. पोळ्याच्या दिवशी तर त्यास कोणी कामास जुंपीत नाही. मात्र घरातील स्त्रीचे औत केव्हा सुटते, हा प्रश्न इतक्या वर्षांत आम्हांस एकदाही सुचला नाही. उलट, एके दिवशी सूनबाई धाकट्याला पाजता पाजता भिंतीशी टेकून निजलेली दिसली, तेव्हा “भरदुपारी झोप? अशा घरात लक्ष्मी कशी टिकेल?” असे आम्ही तिला बोललो. ती काही न बोलता उठली आणि भांड्यांकडे गेली.

पुढे धाकट्या नातवाच्या आजारपणामुळे सूनबाई आणि आमच्या सौभाग्यवती यांस आठ दिवस बीडला राहावे लागले. चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी. तीन वर्षांचा थोरला नातू आणि घर आमच्या एकट्याच्या हाती आले. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या माणसास एक मूल काय जड, असा आमचा अहंकार होता. पहाटेपासून पाणी, स्वयंपाक, मुलाचे हगणे-मुतणे, धुणे. एक काम हातावेगळे होते न होते तोच दुसरे उभे. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर बसल्या जागी आमचा डोळा लागला. शेजारच्या बाईंच्या हाकेने जाग आली. “गुरुजी, डोळा लागला का? लेकरू हौदावर चढलं व्हतं!” मूल त्यांच्या कडेवर होते. हौद काठोकाठ भरलेला होता. त्या क्षणी आमच्या पायांतील बळ गेले.

सौभाग्यवती परतल्यावर हे सारे त्यांस सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, इतकी वर्षं मी एक डोळा उघडा ठेवून निजले.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. विसावा हा चैनीचा भाग नसून मुलाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे, हे आम्हांस वयाची साठी उलटल्यावर कळले.

बंधूंनो, विश्रांती कोणासही आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांस आठवड्याची सुट्टी नव्हती. ‘दीनबंधू’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम न देता मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. घरास असा कायदा नाही. सरकारने २०२४ मध्ये देशभर केलेल्या वेळवापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात, असे आढळले. जे पुरुष घरकामास हात लावतात त्यांची ८८ मिनिटे. आणि बहुतेक पुरुष हात लावीतच नाहीत. मुलांची व म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही.

कोणी म्हणेल, आमच्या आया कोठे विसावा घेत होत्या? एक तर त्यांच्या घरात जावा, नणंदा, सासवा असे दहा हात असत. दुसरे असे की, त्या थकत होत्या की नाही, हे आपण त्यांस कधी विचारलेच नाही.

आता आमच्या घरी दुपारी एक ते दोन ही मधली सुट्टी असते. तिचे नियम सांगतो. वेळ ठरलेली असावी. ‘काम संपल्यावर’ असे म्हटल्यास ती वेळ कधीच येत नाही. त्या वेळी मूल दुसऱ्याच्या ताब्यात असावे. आमच्या घरी ते आम्ही घेतो आणि हौदावर झाकणही बसविले आहे. त्या तासात धुणे, निवडणे, टिपणे काही नको आणि मोबाईलही नको. पाहुणा आल्यास चहा आम्ही करतो. पहिले काही दिवस तो बिघडला, आता जमतो. ज्या घरी दुसरे माणूस नाही, तेथे शेजारच्या दोघी-तिघींनी आळीपाळीने मुले सांभाळावीत. आणि मूल निजताच भांड्यांकडे न धावता आईनेही निजावे.

शेवटी एक विनंती. आपल्या भागातील किती तरी जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीस जातात आणि नातवंडे म्हाताऱ्या आजीच्या पदरात राहतात. तिने एकदा पोरे वाढविली. आता थकल्या गुडघ्यांनी पुन्हा तेच. तीन वर्षांवरील मूल अंगणवाडीत असते तेवढा वेळ तरी तिने पाठ टेकावी, आणि उरलेल्या पोरांस तासभर आपल्या ओसरीवर बोलवावे, एवढे आपण शेजाऱ्यांनी करावे. त्यास फंड लागत नाही, ठराव लागत नाही.

सूनबाईंची क्षमा आम्ही घरी मागितली आहे. आज आपणा सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.