केळीच्या मुळाशी सातपुडा

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरच्या शिवारात कुठेही उभे राहिले तरी उत्तरेला सातपुडा दिसतो. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन याच गावी भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशननगर गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी सजवले होते. गावाची दुसरी ओळख केळीची. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण ही केळी ज्या पाण्यावर वाढते, त्याचा उगम शोधायचा तर डोंगरच चढावा लागतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरच्या पट्ट्यात डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचे, वाळूचे जाड थर आहेत. भूजलाचे जाणकार त्यांना बझाडा म्हणतात. पावसाळ्यात मोर, सुकी, भोकर या नद्या डोंगर उतरतात तेव्हा त्यांचे पाणी या थरांत झरझर मुरते आणि खालच्या विहिरींना पोहोचते. वर झाडोरा असेल, तर पाणी सावकाश उतरते, जास्त मुरते. डोंगर उघडा पडला, की ते मातीसकट तापीला जाऊन मिळते. खाली उपसा मात्र वाढतच गेला. विहिरी कोरड्या पडल्या, कूपनलिका खोल खोल जात राहिल्या, आणि यावल-रावेरची गणना भूजलाच्या अतिशोषित तालुक्यांत झाली.

वरच्या डोंगरात पावरा, बारेला, तडवी भिल्ल यांचे पाडे आहेत. मोहफुले, चारोळी, तेंदूपत्ता आणि डिंक विकून त्यांची बाजारहाट चालते. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झाले आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूसच अतिक्रमण करणारा ठरला. ज्याला उद्या हाकलतील, तो झाड कोणाच्या भरवशावर राखणार?

या प्रश्नाचे उत्तर खानदेशातच, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात मिळते. बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे छोटे गाव. तीसेक वर्षांपूर्वी इथला डोंगर जवळजवळ बोडका होता आणि पाण्यासाठी बायाबापड्यांची पायपीट चाले. वाणिज्य शाखेतले पदव्युत्तर शिक्षण घेतलेले चैत्राम पवार नोकरीच्या मागे न लागता गावातच राहिले. गावाने जंगल राखण्यासाठी समिती केली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ठरवली. नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला आणि राखणीच्या पाळ्या लावून घेतल्या. श्रमदानाने उतारावर समतल चर खणले, नाल्यात दगडी बांध घातले.

हळूहळू सुमारे ४५० हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले. विहिरींना पाणी आले. बारीपाड्याने शेजारच्या गावांनाही पाणी दिले आणि चारसूत्री पद्धतीने भाताची लागवड केली. २००४ पासून तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते. जंगलातली पाने, फुले आणि कंद रांधून बायका मांडतात. कोणती भाजी कुठल्या उतारावर, कोणत्या पावसात येते आणि कडवटपणा घालवायला किती वेळा उकळावी लागते, हे त्यांना तोंडपाठ असते. जंगलाचे असे मोजमाप कोणत्याही नकाशात सापडत नाही. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. गावाच्या शिस्तीचाच तो सन्मान म्हणावा लागेल.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मागता येऊ लागला. अभयारण्यातल्या गावांनाही तो लागू आहे. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर हक्क मिळाला. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी, कोरकूंच्या पायविहीर गावाने २०१२ मध्ये हक्क मिळवून उजाड माळावर जंगल वाढवले. तिथली सीताफळे मुंबईच्या बाजारात जातात. तिकडचे पाणी पूर्णा नदीतून येते, आणि पूर्णा तापीला मिळते तिथेच हतनूरचा जलाशय आहे. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथे मुक्कामाला येतात. जलाशयात गाळही साचतो. पाणथळ राखायची तर काठावर फलक लावून भागत नाही. वरच्या डोंगरातल्या ग्रामसभेला बळ द्यावे लागते.

हक्क मिळाला की पाणी राखले जाते, ही गोष्ट ऑस्ट्रेलियातही घडली आहे. मेलबर्नच्या पश्चिमेला बुज बिम येथे गुंडिटजमारा लोकांनी निदान ६,६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या काळ्या दगडांत चर आणि बांध रचून वाम माशांची शेती केली. दगड तोच, आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट. पुढे वसाहतदारांनी कोंडा तळ्याचे पाणी शेतीसाठी काढून टाकले. २००७ मध्ये न्यायालयाने गुंडिटजमारांचा भूमीवरचा हक्क मान्य केला, २०१० मध्ये बंधारा बांधून तळे पुन्हा भरले, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा ठरवली. जमिनीवर हक्क मिळाला, आणि मगच तळे भरले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

फैजपूरच्या केळीवाल्याला डोंगरातल्या पावरा माणसाचा आधार आहे, हे गावाने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ज्यांची यावल-रावेरकडे शेती आहे, त्यांनी पुढच्या सुट्टीत विहिरीजवळ पुनर्भरणाचा खड्डा घ्यावा. एखाद्या पाड्याच्या ग्रामसभेला वनहक्काच्या कागदपत्रांसाठी, नकाशासाठी, वकिलासाठी हातभार लावावा. आणि मुलांना घेऊन बारीपाड्याला जावे, पावसाळ्यात, रानभाज्या निघाल्यावर.