कागदाचं बोइंग

कचेरीत अर्ज आणि पावत्या लावायला पिवळसर पुठ्ठ्याच्या फायली असतात ना, तसल्याच फायली कापून सॅन फ्रान्सिस्कोच्या लुका आयकोनी-स्ट्युअर्ट या तरुणाने एअर इंडियाचं बोइंग ७७७ उभं केलं. काम सुरू केलं २००८ साली, शाळेत असताना. एअर इंडियाच का, तर त्यांच्या विमानातल्या आसनांचा अगदी तपशीलवार आराखडा त्याच्या हाती लागला होता.

प्रमाण एकास साठ. खरं विमान सुमारे ७४ मीटर लांब, तर हे सव्वा मीटरच्या आसपास. भाग संगणकावर रेखाटायचा, फायलीवर छापायचा, धारदार पात्याने कापायचा आणि चिमट्याने धरून चिकटवायचा. चाकं पोटात घेता येतात, दारं उघडतात. इकॉनॉमीची एक खुर्ची वीस मिनिटांत होते, बिझनेस क्लासची चार ते सहा तासांत आणि फर्स्ट क्लासच्या एकीला आठ तास लागतात! या कामासाठी त्याने कॉलेजही सोडलं. २०१४च्या जानेवारीत त्याची बातमी जगभर झाली, तेव्हाही पंख व्हायचेच होते.

यात खरी परीक्षा कुठे होते ते सांगतो. कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो. नळी करायची तर लगेच होते, म्हणून विमानाचा मधला भाग फार त्रास देत नाही. पण नारळाला कागद गुंडाळून पाहा, चुण्या पडल्याशिवाय राहत नाहीत. विमानाचं नाक असंच दोन्ही दिशांनी गोलावतं. तिथे कागदाच्या निमुळत्या पाकळ्या कापून कडेला कड भिडवावी लागते. पाकळी केसभर जास्त रुंद झाली की पुढचा सांधा तिरका जातो, आणि तो लपवायला पुट्टी नाही की रंगाचा थर नाही.

दुसरी अडचण जाडीची. पाव मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा एकास साठ या प्रमाणात दीड सेंटीमीटर होतो. एवढा जाड पत्रा खऱ्या विमानाच्या अंगावर नसतो. म्हणून प्रत्येक घडीला, प्रत्येक आतल्या भागाला ही जाडी हिशेबात धरूनच रेखाटन करावं लागतं. माझ्या मते या कलेतली निम्मी कारागिरी कात्री हातात घेण्याआधीच संपते. विमान जोडल्यावर आतल्या खुर्च्या फारशा दिसणारही नाहीत, तरी लुकाने त्या नीट केल्या. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो तो यासाठी.

मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एक सांगणं आहे. येत्या सुट्टीत एक कार्डशीट, स्टीलची पट्टी, कटर आणि फेविकॉल आणा. कटर चालवताना मोठं माणूस शेजारी असू द्या. घडी घालण्याआधी बोथट टोकाने रेघ ओढा, फेविकॉल काडीच्या टोकाने अगदी थोडा लावा, जास्त झाला तर कागद फुगतो. आणि पहिल्याच दिवशी अख्खं विमान करायला बसू नका. आधी इंजिनाची एक नळी नीट गोल होते का ते बघा.