हिशेब घेतला तो दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही व्याख्याती नव्हे. पण त्यांनी विषय सांगितला, 'घरातील नोकरी गेली तर', आणि मला नाही म्हणवेना. हा विषय मी पुस्तकात वाचलेला नाही.

तुमच्यातल्या तरुण मुलींनी गिरणीचा भोंगा ऐकलाही नसेल. आम्ही त्या वेळी लालबागला राहत होतो. एक खोली, तीत आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई. शिवाय पाच गिरणीवाले दोन्ही वेळा जेवायला येत. आमचे हे साचेखात्यात होते, नोकरीला एकोणीस वर्षे झाली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते, डब्यात तिळगूळ शिल्लक होता. दोन महिन्यांत मिटेल, असे जो तो म्हणे. मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडलेले. इतक्या माणसांवाचून गिरण्या चालतील कशा, असा आमचा साधा हिशेब. तो चुकला.

एरवी नोकरी जाते तेव्हा हातात एक कागद तरी पडतो. माणूस रडतो, चार दिवस जेवत नाही आणि मग उठतो. आमच्या बाबतीत तसे झाले नाही. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. त्यामुळे यांची नोकरी कोणत्या दिवशी गेली, हे मला आजही सांगता येत नाही. हे पहाटे पाचला उठत, आंघोळ करीत, धुतलेला सदरा घालून बाहेर पडत आणि गिरणीच्या नाक्यावर उभे राहून दुपारी परत येत. असे दीड वर्ष चालले.

खाणावळ तर पहिल्या पावसाळ्याच्या आतच मोडली. जेवणारेही गिरणीवालेच, त्यांच्याकडे पैसे कुठून येणार? ते लावणीला म्हणून गावी गेले. दोघांची बाकी राहिली, ती मी कधी मागितली नाही. आमच्याही गावाहून, कुडाळकडून, भावोजी तांदूळ आणि कुळीथ पाठवीत. कुळथाची पिठी त्या वर्षी इतकी खाल्ली की धाकटा आजही ती ताटात घेत नाही. असो.

१९८३ च्या उन्हाळ्यात काही लोक गिरणीत जाऊन हिशेब घेऊ लागले. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. मी मुलाच्या पाटीवर मांडून पाहिले; एकोणीस वर्षांचे सुमारे अकरा महिन्यांच्या पगाराइतके होत होते, फंड वेगळा. मी यांना म्हटले, "हिशेब घ्या."

हे म्हणाले, "घेतला म्हणजे मीच माझ्या हाताने नोकरी सोडली असे होईल."

मी म्हटले, "ती केव्हाच गेली आहे. आपण तिच्यासाठी रडलो नाही एवढेच."

त्यानंतर आठ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी गेले आणि सही करून आले. शेजारच्या खोलीतले यांचे सोबती, ज्यांच्याबरोबर हे पहिल्या दिवशी गिरणीत शिरले होते, त्यांनी त्या दिवसापासून बोलणे टाकले, ते त्यांच्या अखेरपर्यंत. त्यांच्या दृष्टीने आम्ही फुटलो होतो. आम्ही केले ते सर्वस्वी बरोबरच होते, असे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. घरात दोन मुले होती, एवढेच सांगेन.

पैसे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आधी मंगळसूत्र सोडवून आण. मी आधी वाण्याचे देणे फेडले. मंगळसूत्र पेढीवर असले तरी चालते. वाणी उधार देईनासा झाला की चूल थांबते. मग मी कचेऱ्यांतल्या लोकांना चपाती-भाजीचे डबे देऊ लागले. आमच्या भागात प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली सुरू केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ होते. खाणावळवाल्या बायकांना बँकेतून कर्ज मिळवून देण्याचे काम ते करी. तिथे गेल्यावर कळले की आपल्यासारख्या शेकडो आहेत. मला कर्जापेक्षाही त्याचाच धीर आला.

सुरुवातीला हे कणीक मळायला बसत ते दार लावून. साचेवाला माणूस, चाळीत कोणी पाहिले तर! मे महिन्यात मात्र उकाड्याने जीव जाऊ लागला, तेव्हा एके दिवशी यांनीच उठून दार उघडले. समोरच्या काकूंनी पाहिले आणि विचारले, "भावोजी, आमच्याही चार चपात्या लाटाल का?" हे हसले. दीड वर्षात पहिल्यांदा. मला वाटते, आमचे पुढचे दिवस तिथून सुरू झाले.

आता हे सगळे जुने आज का उगाळते आहे? माझ्या थोरल्या मुलाची नोकरी २०२३ मध्ये गेली. त्याची परवानगी घेऊनच सांगते. साहेबांनी बोलावले, राजीनाम्याचा कागद पुढे केला आणि त्याने त्याच खुर्चीत बसून सही केली. मग तीन आठवडे तो डबा घेऊन वेळेवर घरातून निघत होता. सूनबाईला कळले नाही. मला त्याच्या सदऱ्यावरून कळले. दिवसभर बाकावर बसलेल्या माणसाचा सदरा पाठीवर एका विशिष्ट तऱ्हेने मळतो. तो मी पूर्वी धुतलेला होता.

त्याला मी रागावले नाही. रात्री कणकेची परात पुढे ओढली आणि म्हटले, बैस, मळ आणि बोल. तो बोलला. दुसऱ्या दिवशी सूनबाईने सगळे कागद काढले. काही पैसे येणे होते, ते पत्रे लिहून पाच महिन्यांनी मिळाले. नवी नोकरी मिळायला नऊ महिने लागले, पगार पहिल्यापेक्षा कमी आहे.

तर माझे सांगणे एवढेच की, दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मी आणि सूनबाई मंडळाच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांच्या घरी असे झाले असेल त्यांनी नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि फंडाचा क्रमांक घेऊन यावे. राजीनामा मागितला असेल तर सही करण्यापूर्वी यावे. आलेल्यांची नावे वहीत लिहिली जाणार नाहीत. चहा मंडळाकडून.