चिऱ्याचे घर आणि परगावचा पाहुणा

श्रोतेहो, 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि कर्ती माणसे मुंबईस गेल्यामुळे ज्या घरांचे कुलूप केवळ गणपतीत उघडत असे, अशी मालवण-वेंगुर्ल्याकडील कित्येक वडिलोपार्जित चिऱ्याची घरे पुढे पाहुण्यांसाठी खुली झाली. सातबारा आणि हिस्सेदारांची संमतिपत्रे यांचा घोळ आपण जाणताच. त्यात मी शिरत नाही. माझे गाऱ्हाणे गिलाव्याविषयी आहे.

घर पाहुण्यास नीटनेटके दिसावे म्हणून आपण पहिले काम करतो ते हे, की भिंतींचा जुना चुना खरवडून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढवितो आणि त्यावर तैलरंग फासतो. आपला चिरा जांभ्याचा, आणि जांभा हा सच्छिद्र दगड. खाणीत मऊ, वारा लागताच कठीण होणारा, आणि त्याचा हा स्वभाव फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी 1807 सालच्या आपल्या प्रवासवृत्तात नमूद करून ठेवला आहे. पावसाळ्यात तो जोत्यातून पाणी ओढतो आणि उघड्या अंगाने ते पुन्हा हवेस देऊन टाकतो. तव्यावरची भाकरी फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली तर धड राहते, घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडली तर घाम सुटून तिचा लगदा होतो, हे कोणत्या घरी ठाऊक नाही? चुना हे ते फडके, सिमेंट हे ते झाकण. त्यातही डब्याचे झाकण निदान उघडता येते. गिलावा काढू जाल तर चिऱ्याचा पापुद्राही त्याजबरोबर निघून येतो.

पुन्हा सांगतो, कारण नेमके येथेच माणसे फसतात: ओल बाहेरून येते असे समजून ती आणखी सिमेंट थापतात, आणि ओल तर आतच कोंडलेली असते. श्रावणात गिलाव्याला फोड येतात, लोणा फुटतो, गाद्यांना कुबट वास सुटतो. मग वातानुकूलन यंत्र येते, यंत्रापायी खिडक्या बंद होतात, म्हणजे झाकणावर आणखी एक झाकण!

शिंपल्यांचा चुना महाग पडतो, तो मळणारा गवंडी मिळत नाही, ही सबब मला मान्य आहे. मग निदान बाहेरून तरी चिरा उघडा ठेवा, आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेणारा पाट काढा. गुळगुळीत भिंत पाहण्यास कोणी एवढा घाट उतरून येत नाही.

नवी न्हाणीघरे कोठे काढावीत आणि शोषखड्डा विहिरीपासून कसा दूर ठेवावा, हे सांगावयाचे होते. परंतु निवेदक घड्याळाकडे पाहू लागले आहेत. तेव्हा चुन्याचे काम दिवाळीनंतर काढा, भिंत काही दिवस पाणी मारून ओली ठेवा, आणि रंगाचा डबा घेऊन कोणी दारी आलाच, तर त्यास...