खेळयंत्राच्या फटींतील नाणें

दुकानदाराला आपल्या मालाची किंमत हवी तशी वाढवितां येते. तेलाचा भाव चढला तर भज्यांची बशी दोन रुपयांनीं महाग होते आणि गिऱ्हाईक कुरकुरत कां होईना, तेवढे पैसे मोजतें. परंतु नाणें टाकल्यावर चालू होणाऱ्या खेळयंत्राच्या मालकाला ही मुभा नसते. त्याचा दर टांकसाळीनें ठरविलेला असतो. यंत्राच्या फटींत जें नाणें मावतें, तीच खेळाची किंमत. फार तर तिची दुप्पट.

रेल्वेच्या फलाटावरील रंगीत दिव्यांच्या यंत्रांत नाणें टाकून ज्यांनीं आपल्या वजनाचें तिकीट घेतलें असेल, त्यांना ही जात परिचयाची आहे. तिचा वंश फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील हेरॉन यानें देवळांतील पवित्र जल देणाऱ्या एका यंत्राचें वर्णन केलें आहे. पांच द्राख्मांचें नाणें आंत पडलें कीं त्याच्या भारानें एक दांडी कले, झडप उघडे, आणि नाणें घसरून खालीं जाईपर्यंत पाणी वाहे.

आधुनिक खेळयंत्राची गोष्ट १९७२ सालीं अमेरिकेंत सुरू झाली. कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल गांवच्या एका मद्यगृहांत अटारी कंपनीनें ‘पाँग’ नांवाचें चेंडूफळीचें यंत्र ठेवलें. थोड्याच दिवसांत तें बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहतां बिघाड कशांतहि नव्हता; पैशाचा डबा शिगोशीग भरल्यामुळें पुढच्या नाण्याला आंत जाण्यास जागाच उरली नव्हती!

त्या काळापासून तिकडे पाव डॉलर ही एका डावाची किंमत रूढ झाली. पुढें महागाई वाढत गेली. १९८० सालीं पाव डॉलरला जें येत असे, त्याला आज तिपटीहून अधिक पैसे पडतात. पण मालकाला सव्वीस सेंट कसे मागतां येणार? त्याला एकदम दुसरें नाणें मागावें लागतें, म्हणजे दर एका झटक्यांत दुप्पट. १९८३ मध्यें आलेल्या ‘ड्रॅगन्स लेअर’ या खेळानें पन्नास सेंट घेतले. त्यांतील चित्रें लेझर-तबकडीवरून दाखविलीं जात व तीं चित्रपटासारखीं रेखीव होतीं, म्हणून लोकांनीं ते दिले. सामान्य खेळाला तें धाडस झेपत नसे.

मग दर तोच ठेवून माल कमी करणें, हा मार्ग उरतो. गवळी माप तेंच ठेवून दुधांत पाणी घालतो, त्यांतलाच हा प्रकार. यंत्राच्या पोटांत बारीक कळांची एक पट्टी असते. एका नाण्यांत एक डाव कीं दोन, कीं दोन नाण्यांत एक. खेळाडूला तीन जीव द्यावयाचे कीं पांच. खेळ किती अवघड असावा. किती गुणांवर जादा जीव मिळावा, हें सर्व मालक तेथें ठरवितो. पांचांचे तीन जीव केले तरी दर्शनी पाटीवर कांहींच बदलत नाहीं. मुठींत एकच नाणें घेऊन आलेल्या मुलाला एवढेंच कळतें कीं, आज आपला डाव लवकर संपला. या व्यवहारांत सरळपणा कमी आहे, हें उघड आहे. मात्र खेळ फार सोपा ठेवल्यास एकच पटाईत खेळाडू एका नाण्यावर तासभर उभा राहतो आणि मागची रांग कंटाळून निघून जाते, ही मालकाची बाजूहि खोटी नव्हे. शिवाय उत्पन्नाचा वाटा, पुष्कळदा निम्मा, जागेच्या धन्याला द्यावयाचा असतो. म्हणून डबा कुलपांत, आणि पडलेल्या प्रत्येक नाण्याची मोजदाद करणारें गणकयंत्र निराळें.

नाण्याची पारख हा आणखी एक नाजूक भाग. जुन्या यंत्रांत नाणें प्रथम एका पाळण्यांत पडे. तें हलकें असेल तर पाळणा कलत नसे. पुढें लोहचुंबक असे. लोखंडाची चकती त्याला चिकटून बसे, आणि तांब्याची चकती चुंबकाजवळून जातांना तिच्यांत उठणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळें मंदावे. ठरल्या वेगानें आलेलें नाणेंच योग्य वाटेला लागे. १९६५ सालीं अमेरिकेनें पाव डॉलरांतील चांदी काढून टाकली, तेव्हां असलीं विक्रीयंत्रें नवें नाणें स्वीकारतील कीं नाहीं, याचा विचार कायदा करणाऱ्यांना करावा लागला! तांब्याच्या गाभ्यावर तांबें-निकेलचा थर दिलेलें नाणें या परीक्षेंत उतरलें. जपानला उलट अनुभव आला. दक्षिण कोरियाचें ५०० वॉनचें नाणें आकारानें ५०० येनांच्या नाण्याएवढेंच, वजनानें अर्धा ग्रॅम जड, आणि मोलानें सुमारें दशांश. त्याला भोंक पाडून वजन जुळविलें कीं विक्रीयंत्रें फसत. अखेर २००० सालीं जपाननें आपलें नाणेंच बदललें.

त्याच जपानांत खेळयंत्रांचा दर शंभर येन. १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळामुळें तेथें शंभर येनांच्या नाण्यांचा तुटवडा पडला, अशी एक आख्यायिका मोठ्या चवीनें सांगतात. टांकसाळीचे आंकडे तिला दुजोरा देत नाहींत. खरें संकट निराळेंच होतें. १९८९ सालीं जपानांत ३ टक्के उपभोग-कर आला. १९९७ सालीं तो ५, २०१४ सालीं ८ व २०१९ सालीं १० टक्के झाला. इतर दुकानदारांनीं तो गिऱ्हाइकावर टाकला. खेळघराच्या मालकाला फटींतून एकशें तीन येन घेतां येईनात, म्हणून तो त्यानें आपल्या पदरचा भरला. आज शंभरांतील सुमारें नऊ येन करांतच जातात. २०२१ सालीं ५०० येनांचें नाणें पुन्हां बदललें, तेव्हां तें ओळखणारे नवे भाग बसविण्याचा खर्चहि त्याच्याच माथीं आला. मोठ्या कंपन्यांना हें सोसतें; गल्लींतील लहान खेळघरें मात्र एकामागून एक बंद झालीं आहेत.

यावर कांहीं ठिकाणीं पितळी बिल्ले निघाले. एका डॉलरला किती बिल्ले द्यावयाचे हें खिडकीवर ठरतें, यंत्राला हात लावावा लागत नाहीं. उरलेला बिल्ला मुलाच्या खिशांत राहतो व त्याला पुन्हां ओढून आणतो. आतां त्यांच्या जागीं पत्तें आलीं आहेत. पत्त्यांतून वाटेल तो आंकडा कापतां येतो, आणि किती गेले हें खेळणाऱ्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. येथें नाणेंच अधिक प्रामाणिक. जपानांतहि इलेक्ट्रॉनिक पैसा घेणारीं यंत्रें वाढत आहेत, आणि त्यांवर एकशें दहा येन आकारणें आतां शक्य आहे. तरी त्याच यंत्रांवर शेजारीं शंभर येनांची फटहि अजून ठेवलेली असते.