पालक, राखणदार आणि आपण

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरावरील कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)

आजच्या वर्गात आपण कायदे आणि योजना यांची पुष्कळ चर्चा केली. मी कायदेपंडित नाही. माहिती खात्यातील एक अधिकारी आणि कलाशाखेचा जुना विद्यार्थी या नात्याने माझा रोजचा संबंध शब्दांशी येतो. म्हणून आपणा सर्वांच्या तोंडी असलेल्या एका शब्दापासून प्रारंभ करतो. तो शब्द म्हणजे ‘पालक’.

शाळेत पालकसभा भरते, जिल्ह्याला पालकमंत्री असतात, दाखल्यावर पालकाची सही लागते. परंतु दुसऱ्याला सांभाळणाऱ्या माणसासाठी मराठीत हा एकच शब्द नाही. संस्कृतातील ‘पा’ म्हणजे रक्षण करणे. या धातूपासून नृप, भूप, गोप हे शब्द आले; ‘पिता’ या शब्दाची परंपरागत व्युत्पत्तीही तीच सांगितली जाते. राजा, गुराखी आणि बाप यांचे काम आपल्या पूर्वजांनी एकाच धातूत पाहिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ‘रक्ष्’ धातूपासून रक्षक आला आणि त्याच कुळातील आपला घरगुती शब्द म्हणजे ‘राखणे’. आपण शेत राखतो, मान राखतो, शब्दही राखतो. बहिणीच्या मागे उभा राहणारा भाऊ हा ‘पाठीराखा’. कोटाचा पाल तो कोतवाल; ज्याच्या हवाली काही केले तो हवालदार. दुबळ्याची बाजू घेणारा तो कैवारी. आणि ज्याला कोणीच नाही त्याच्याविषयी आपण म्हणतो, ‘त्याला कोणी वाली नाही’. हा ‘वाली’ अरबीतून आला आणि मराठीत कायमचा वस्तीला राहिला. कोकणात व गोमंतकात गावाच्या सीमेवर अदृश्य ‘राखणदार’ असतो, अशी श्रद्धा आहे.

या शब्दांच्या इतिहासाला एक दुखरी बाजूही आहे. जुन्या गावगाड्यात रात्री जागणारा जागल्या आणि वेशीवर उभा राहणारा वेसकर हे गावाचे खरे रक्षक होते. ही कामे बव्हंशी महार समाजाकडे वतन म्हणून होती. सीमेचा तंटा निघाला की त्यांची साक्ष ग्राह्य मानली जाई. परंतु ज्यांनी गावाची वेस राखली, त्यांना राहण्यास जागा मिळाली ती वेशीबाहेर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनपद्धतीत सुधारणा करण्यासाठी विधेयक मांडले. कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. जो इतरांना राखतो त्याला कोण राखतो, हा प्रश्न रक्षणाचा विचार करताना कधीही विसरता कामा नये.

आता आपल्या दप्तराकडे वळू. सातबारा उताऱ्यावर काही नावांपुढे ‘अ. पा. क.’ अशी अक्षरे आढळतात. त्यांचा अर्थ ‘अज्ञान पालन कर्ता’. खातेदार निधन पावतो, मुले लहान असतात. तेव्हा वारस म्हणून मुलांची नावे लागतात आणि त्यांच्यापुढे अ. पा. क. म्हणून बहुधा आईचे, कधी आजोबांचे वा चुलत्याचे नाव येते. येथे ‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे, तर अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. जमीन त्या मुलाची असते. पालनकर्ता केवळ ती राखत असतो.

पालक आणि मालक या दोन शब्दांत एकाच अक्षराचा भेद आहे. पण किती घरे या एका अक्षरापायी उद्ध्वस्त झाली! हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ या कायद्याच्या आठव्या कलमानुसार नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता अथवा गहाण ठेवता येत नाही. (एकत्र कुटुंबाच्या अविभक्त हिश्श्याचे नियम निराळे आहेत.) असा व्यवहार झालाच, तर मुलाला तो रद्द करून घेण्याचा हक्क आहे. मात्र त्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दाद मागावी लागते. पुष्कळ मुलांना हे कळते तेव्हा मुदत उलटून गेलेली असते.

दुसरी अडचण साधी, परंतु नित्याची आहे. मुलगा पंचवीस वर्षांचा होतो, तरी उताऱ्यावर तो ‘अज्ञान’च राहतो. पीककर्ज घ्यायला गेला म्हणजे हा शेरा आडवा येतो. वास्तविक वयाच्या पुराव्यासह अर्ज केला की फेरफार होऊन पालकाचे नाव कमी करता येते. ई-हक्क प्रणालीतून हा अर्ज घरबसल्याही करता येतो. २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहिमेतून मृत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्याचे काम राज्याने हाती घेतले. ज्या वारसांत अज्ञान मुले आहेत, त्यांच्या पालकत्वाची नोंद योग्य वेळी संपेल, हे पाहण्याचे काम आता गावाचे आहे.

पालक कोण, या प्रश्नाचे उत्तरही बदलत आले आहे. १९५६ च्या कायद्याने पिता आणि ‘त्यानंतर’ माता असा क्रम लावला. १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘त्यानंतर’ याचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा नसून पित्याच्या अभावी असाही होतो, असा निर्णय दिला. आपल्या राज्याने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावण्याचे ठरविले. जी सांभाळते तिचे नाव कागदावर यावे, यात औदार्य कसले? तो न्याय आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा याहीपुढे गेला. त्याने ‘मर्यादित पालकत्व’ ही कल्पना मांडली. ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, परस्पर विश्वासाने आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून चालणारे असे हे पालकत्व आहे. सांभाळणे म्हणजे दुसऱ्याचे तोंड बंद करून त्याच्या वतीने बोलणे नव्हे, हे तत्त्व आता कायद्यात आले आहे.

मित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती या साखळीची एक कडी आहे. ग्रामपंचायत जन्माची नोंद करते. शिक्षक शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख लिहितात. तलाठी कार्यालयात फेरफार होतो. माझी आपणास तीन कामांची विनंती आहे. सदस्यांनी आपल्या प्रभागातील पितृहीन मुलांच्या नावे काय जमीन आहे, याची माहिती ठेवावी. शिक्षकांनी शाळा सोडून जाणाऱ्या अशा मुलास दाखला देताना, अठरावे वर्ष पूर्ण होताच उतारा तपासण्यास सांगावे. आणि ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी अ. पा. क. नोंदींचे वाचन व्हावे.

ज्वारी निसवली की शेतात माळा उभा राहतो. राखणारा रात्रंदिवस गोफण घेऊन पाखरे हाकतो, थंडीवारा सोसतो. पीक खळ्यावर गेले म्हणजे मात्र तो माळ्यावरून उतरतो आणि माळा मोडला जातो. उतरण्याची वेळ ओळखणे, हाही राखणीचाच भाग आहे. आपल्या हाती सोपविलेल्या मुलाला त्याचे पीक पूर्ण मापाने मिळावे आणि त्या दिवशी आपण समाधानाने माळ्यावरून उतरावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आपली रजा घेतो.