पेल्यातील गाळ

(मानपूर, जि. इंदूर येथे मराठी कुटुंबांसमोर दिलेले भाषण)



या भाषणासाठी 'घरगुती पाण्याचे शुद्धीकरण' असा विषय मला कळविण्यात आला होता. तो मी थोडा बदलून घेतला आहे. पाणी शुद्ध कसे करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु आपल्या घरातील पाणी अशुद्ध आहे असे कोण सांगतो आणि कोणत्या पुराव्यावर सांगतो, याचा विचार आधी व्हावयास हवा.

माझी एक मामेबहीण महूला राहते. गेल्या उन्हाळ्यात ऐन दुपारी दोन तरुण तिच्या दारी आले. गळ्यात ओळखपत्रासारखे काही होते. "पाण्याची मोफत तपासणी चालू आहे, आदेश वरून आला आहे," एवढेच ते म्हणाले. वर कोण, हे तिने विचारले नाही. उन्हातून आलेल्या माणसाला आपण प्रथम पाणी देतो, मग चहा. त्यांनी दोन पेले मागून घेतले. एकात नळाचे पाणी भरले आणि दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतील पाणी ओतले. मग विजेच्या बटणाला जोडलेल्या धातूच्या कांड्या दोन्हींत बुडविल्या. दोन मिनिटांत नळाचे पाणी प्रथम तांबूस, मग हिरवट-काळे झाले आणि त्यावर गाळाचा थर जमला. बाटलीतील पाणी होते तसेच राहिले. "मावशी, हेच पाणी तुम्ही नातवाला पाजता," असे म्हणून त्यांनी कागद पुढे केला. सवलत त्याच दिवसापुरती होती. यजमान घरी नव्हते. तिने साडेअठरा हजारांच्या हप्त्यांवर सही केली.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकविले आहे, आणि तरीही सांगतो की तो गाळ पाहून मीसुद्धा क्षणभर दचकलो असतो. म्हणून ते उपकरण मी आज येथे आणले आहे. या दोन पेल्यांपैकी एकात येथील नळाचे पाणी आहे आणि दुसऱ्यात आर.ओ. यंत्रातील.

(येथे प्रयोग करून दाखविण्यात आला. नळाचे पाणी गढूळ झाले, आर.ओ.चे पाणी स्वच्छ राहिले.)

आता आर.ओ.च्या पेल्यात आपल्या स्वयंपाकघरातील चिमूटभर मीठ टाकतो.

(थोड्याच वेळात तेही पाणी तांबूस झाले.)

मीठ तर आपण रोज खातो. मग ही घाण आली कोठून? ती पाण्यात नव्हती, कांडीत होती. या जोडीतील एक कांडी लोखंडाची आहे. पाण्यातून वीज वाहू लागली की लोखंड झिजते आणि त्याचे हिरवट, तपकिरी संयुग गाळाच्या रूपाने बाहेर पडते. वीज वाहण्यास पाण्यात क्षार विरघळलेले असावे लागतात. आर.ओ.च्या पाण्यात ते फारच थोडे, म्हणून कांडी झिजली नाही. या प्रयोगाने सिद्ध होते ते इतकेच की नळाच्या पाण्यात क्षार आहेत. आपला सारा माळवा काळ्या पाषाणावर वसलेला आहे; येथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा दुष्फेन असावयाचेच. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते.

दुसरी युक्ती थेंबांची. बाटलीतील दोन थेंब टाकले की नळाचे पाणी पिवळे होते आणि तो रंग विषाचा असल्याचे सांगण्यात येते. वस्तुतः तो रंग क्लोरीनचा असतो, आणि क्लोरीन जंतुनाशासाठी मुद्दाम घातलेला असतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे ग्राहकाच्या नळाशी तो दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा, अशी अपेक्षा आहे. जेथे क्लोरीन घातला जातो तेथे पिवळा रंग उमटला नाही, तर खरी काळजी करावी!

तिसरे साधन म्हणजे टी.डी.एस. मोजणारी पेनासारखी वस्तू. ती खोटी नाही, मात्र तिला येते तेवढेच ती सांगते. पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून ती क्षारांचा अंदाज देते. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, फ्लोराइड किती आहे, हे तिला कळत नाही. याच मानकाप्रमाणे विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. अन्य स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. विक्रेता मात्र २५० चा आकडा दाखवून चेहरा गंभीर करतो.

याचा अर्थ भय निराधार आहे, असा नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये इंदूरच्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, अनेक रहिवासी आजारी पडले आणि काही दगावले. अशा बातमीनंतर दारावर येणाऱ्याचे काम फार सोपे होते. परंतु लक्षात घ्या, तशा दूषित पाण्याचाही टी.डी.एस. मर्यादेत असू शकतो, आणि पेल्यातील गाळ जंतूंविषयी अवाक्षर बोलत नाही. जंतूंचा संशय असेल तेव्हा पाणी खळखळून उकळणे हा घरातला खात्रीचा उपाय आहे. उलट फ्लोराइड उकळून जात नाही. शेजारच्या धार जिल्ह्यात त्याचा उपद्रव परिचित आहे. तेथे, किंवा पाणी खरोखरच खारे असेल तेथे, आर.ओ. उपयुक्त ठरते. रोगाप्रमाणे औषध असते, आणि रोग कोणता हे ठरविण्याचे काम औषध विकणाऱ्याकडे सोपवू नये.

शिवाय हे यंत्र एक हंडा पाणी देताना सामान्यतः दोन-तीन हंडे बाहेर सोडते. म्हणूनच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये, जेथे क्षार ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे अशा यंत्रांना बंदी करावी, असा निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिला होता. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्यांना याहून अधिक सांगावयास नको.

आता कायद्याविषयी थोडे. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे, मालाच्या गरजेविषयी किंवा उपयुक्ततेविषयी खोटे अथवा दिशाभूल करणारे निवेदन करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. विक्रेत्यांच्या साखळीमार्फत माल विकणाऱ्यांना डिसेंबर २०२१ चे थेट विक्री नियम लागू आहेत. त्यानुसार ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय विक्रेत्याने घरी जाता कामा नये. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी करावा. पण त्यासाठी कागद हवा. माझ्या बहिणीजवळ हप्त्यांचा करार होता, परंतु "आदेश वरून आला आहे" हे वाक्य त्यावर कोठेही नव्हते. म्हणून जे तोंडी सांगितले जाते ते बिलावर लिहून मागावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच चहा अर्धा टाकून मंडळी उठतात.

बहिणीच्या पाण्याची तपासणी आम्ही नंतर प्रयोगशाळेत करून घेतली. क्षार ३४० निघाले, जंतू आढळले नाहीत. यंत्र ओट्यावर आहे, हप्ते चालू आहेत, तक्रारीची सुनावणी व्हावयाची आहे. त्या यंत्राचे टाकाऊ पाणी ती बादलीत धरून फरशी पुसते.

येथे टेबलाजवळ स्वच्छ, निर्जंतुक बाटल्या ठेविल्या आहेत. ज्यांना आपल्या घरच्या पाण्याची तपासणी हवी असेल त्यांनी एकेक घेऊन जावी, नळ दोन-तीन मिनिटे वाहू देऊन मग ती भरावी, आतून हात लावू नये, आणि झाकणावर नाव व तारीख लिहून उद्या सकाळी नऊच्या आत येथे आणून द्यावी. नमुने थंड डब्यात ठेवून त्याच दिवशी इंदूरच्या प्रयोगशाळेत पोहोचविण्याचे मी पत्करले आहे.